जपानला न जाता शिकवलेली जपानी युद्धकला ‘पारंपरिक’ म्हणायची का?

शनिवारपेठकर:
पुण्यात शाळेच्या मैदानापासून सोसायटीच्या क्लबहाऊसपर्यंत कराटेचे वर्ग भरतात. मुलं घाम गाळतात, चांगलंच आहे. पण दर काही महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी आणि पट्ट्याचा नवा रंग असं चक्र सुरू झालं की शिकवणं मागं पडतं. माझं मत असं: ज्याचा जपानमधल्या गुरूंशी आजही संबंध नाही, त्याने पाटीवर ‘पारंपरिक’ लिहू नये. व्यायाम म्हणून शिकवावं, त्यात कमीपणा नाही.

कोथरूडची_ज्युदोपटू:
अजिबात पटलं नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनी कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली १८८२ मध्ये, डॅन श्रेणीही (काळ्या पट्ट्याच्या पायऱ्या) त्यांनीच आणली. कराटे मूळचं ओकिनावाचं. तिथल्या फुनाकोशी गुरूंनी ते १९२२ मध्ये टोकियोत दाखवलं, पांढरा गणवेश आणि पट्टे ज्युदोकडून घेतले. म्हणजे कराटेला टोकियोसुद्धा परगावच! जपानी ज्युदोगुरू ताकागाकी तर १९२९ मध्ये रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून शांतिनिकेतनात ज्युदो शिकवायला आले. माझ्या सरांनी जपान पाहिलेलं नाही, पण उकेमी, म्हणजे पडायचं कसं, हे पक्कं झाल्याशिवाय त्यांनी कुणाला फेकू दिलं नाही.

शनिवारपेठकर:
ताई, ज्युदोचं मान्य. रांदोरीत, म्हणजे मोकळ्या झुंजीच्या सरावात, समोरचा खरोखर विरोध करतो, फेक चुकली तर तिथंच कळतं. पण १८६८ च्या आधीच्या, सामुराईंच्या काळातल्या युद्धकलेच्या शाळांचं काय? ताकेनोउची-र्यू ही शाळा १५३२ ची, आजच्या ओकायामा प्रांतातली. (सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग ज्या कोराकुएनवरून बेतली, तेही ओकायामातच.) जुन्या तलवारीच्या शाळांत काता, म्हणजे ठरावीक हालचालींचा सराव, दोघांनी करायचा असतो आणि हरणारी बाजू ज्येष्ठाने घ्यायची असते. शिष्याला किती जवळून, किती वेगाचा वार झेपेल हे तो ज्येष्ठ ओळखतो आणि तयारी बघून अंतर कमी करत नेतो. व्हिडिओत पवित्रा दिसतो. आपल्यावर येणाऱ्या वाराचं अंतर त्यात कसं कळणार? असा ज्येष्ठ समोर नसेल, तर हातात राहते नुसती लाकडी तलवार.

बाणेरहून:
मग नोकरी सोडून जपानला जायचं का? गुरूंनी शिकवायची परवानगी दिलेला शिष्य इथे असेल तर पुणे काय आणि क्योतो काय!

शनिवारपेठकर:
बरोबर, मग हरकतच नाही. तो संबंध चालू आहे, एवढंच मी म्हणतोय.

मल्लखांबवाली:
परदेशी मुलं मल्लखांब करतात तेव्हा ‘पुण्याला येऊन गेलात का’ असं आपण विचारतो का? आपण पकड बघतो, उतरणं बघतो.

शनिवारपेठकर:
मी तरी विचारीन, कुणाकडे शिकलात म्हणून. बाळंभटदादा देवधरांपासूनची शिष्यपरंपरा आपण अभिमानाने सांगतो, मग जपान्यांनी सांगितली तर जाच का वाटावा?

कोथरूडची_ज्युदोपटू:
जाच नाही, काका. पण जपानचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून मुलांना चुकीचं पडायला शिकवणारेही आहेत. पालकांनी तासभर बसून वर्ग बघावा, परीक्षेची फी आधीच लेखी मागावी. ही मागणी करायला मी तुमच्यासोबत आहे. पाटीवरच्या शब्दाला माझी हरकत नाही.