थर्माकोलच्या पेटीत ३० अंडी ठेवली, पिल्लं ९ निघाली. बाकीची आतच का गेली?

मखमलाबादची_माई

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकजवळ मखमलाबादला मळ्यात राहतो. घरच्या ११ गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा. दिवाळीनंतर एकही कोंबडी खुडूक (म्हणजे अंडी उबवायला) बसेना, म्हणून मुलाने घरीच उबवणीची पेटी बनवली. औषधाच्या दुकानातून लसी येतात ती थर्माकोलची पेटी, ६० वॅटचे दोन बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आणि एमजी रोडवरून आणलेला थर्मोस्टॅट. ३७.७ ला बल्ब बंद होतात, ३७.३ ला लागतात. कोपऱ्यात पाण्याची वाटी. पेटी पडवीत फरशीवर ठेवली होती.

सहा दिवसांत जमवलेली ३० अंडी ठेवली. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढून दिवसातून तीनदा मी स्वतः फिरवली, एकही पाळी चुकवली नाही. सातव्या दिवशी मोबाइलच्या टॉर्चवर पाहिलं तर ४ अंडी कोरी होती. अठराव्या दिवशी आणखी दोनमध्ये रक्ताची कडी दिसली, म्हणजे जीव आधीच गेलेला. उरलेल्या २४ मध्ये आत हालचाल दिसत होती, मी स्वतः पाहिली.

एकविसावा दिवस गेला, काहीच नाही. बाविसाव्याला संध्याकाळी पहिलं पिल्लू आलं, तेविसाव्यापर्यंत ९ झाली. एका अंड्याला टोच पडली होती. त्या भोकातून चोचीचं टोक रात्री दोनपर्यंत हलताना दिसत होतं. पहाटे पाचला उठून पाहिलं तर थांबलं होतं. आतली पातळ साल सुकून कागदासारखी पिसांना चिकटली होती. मी झाकण उघडून मदत करायला हवी होती का? रात्रभर तेच मनात घोळतंय.

१५ अंडी तशीच पेटीत आहेत, टाकून द्यायला हात होत नाही. घरचे म्हणतात पेटी मोडून टाक. काय चुकलं ते कळल्याशिवाय मला मोडायची नाही.

त्र्यंबकचा_शेतकरी

ओलावा कमी पडला. थंडीत तुमच्याकडची हवा फार कोरडी असते, एक वाटी पुरत नाही. स्पंज भिजवून ठेवा. आमच्याकडे पावसाळ्यात उलटं होतं, पेटीत पाणी ठेवलं की पिल्लं आतल्या आत ओली राहून गुदमरतात. जून ते सप्टेंबर मी शेवटचे तीन दिवस सोडले तर पाणीच ठेवत नाही.

हॅचरीतला_जुना

ताई, मी सिन्नरकडचा. २२ वर्षं हॅचरीत काम केलं, आता घरी दोन छोट्या पेट्या चालवतो. पेटी मोडू नका. आणि ती १५ अंडी तर अजिबात टाकू नका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यातच आहे. जाड बाजू कानाशी धरून टकटक ऐका, काहीच नसेल तर एकेक करून जाड बाजूने फोडा. अंगणात, जुन्या पेपरवर, नाकाला फडकं बांधून. वाईट वाटतं, मला अजूनही वाटतं. पण हॅचरीत प्रत्येक खेपेनंतर आम्ही हेच करायचो, कारण पिल्लू कोणत्या दिवशी आणि कोणत्या अवस्थेत थांबलं हे कळल्याशिवाय यंत्राला हात लावून उपयोग नसतो.

बघायचं काय ते सांगतो. पिल्लू पूर्ण वाढलेलं असूनही पोटाबाहेर पिवळा बलक लोंबत असेल तर उष्णता कमी पडली, वाढ मागे राहिली. पिल्लू फुगलेलं, ओलं, अंड्यात पाणी असेल तर सगळे दिवस ओलावा जास्त होता. साल सुकून अंगाला आवळली असेल तर शेवटी ओलावा उडाला, आणि तो बहुतेक वेळा झाकण उघडण्याने उडतो. तुमच्या टोच पडलेल्या पिल्लाचं मला हेच वाटतं. त्या रात्री किती वेळा उघडून पाहिलंत, ते खरं सांगा.

मदतीचं विचारलंत म्हणून. टोच पडल्यापासून बाहेर यायला पिल्लू १२ ते २४ तास घेतं. त्या वेळात ते झोपलेलं नसतं. आतल्या सालीच्या नसांमधलं रक्त ते परत अंगात घेतं, उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढून घेतं. आपण घाईने कवच सोललं तर त्या नसा फुटतात. तुम्ही हात घातला नाहीत ते बरोबरच केलंत. त्याचा दोष स्वतःला लावून घेऊ नका.

माझा खरा संशय उष्णतेवर आहे. पिल्लं एक दिवस उशिरा आलीत. दिवस कसे मोजलेत तेही सांगा. सोमवारी संध्याकाळी अंडी ठेवली तर मंगळवारी संध्याकाळी पहिला दिवस पुरा होतो, म्हणजे पिल्लं तिसऱ्या आठवड्याअखेर सोमवारीच यायला हवीत. सोमवारच पहिला धरला असेल तर तुमचा हिशेब एक दिवस चुकलाय.

आणि थर्मोस्टॅटच्या पडद्यावर दशांशात आकडा येतो म्हणून तो खरा मानू नका. घरात तापाचा थर्मामीटर असेलच. औषधाची छोटी बाटली पाण्याने भरून झाकण लावा आणि पेटीत चारपाच तास अंड्यांच्या मधोमध ठेवा. मग झटकन उघडून त्या पाण्यात तापाचा थर्मामीटर बुडवा. उघडी वाटी घेऊ नका, वाफ होत राहिल्याने तिच्यातलं पाणी हवेपेक्षा गारच राहतं. पंख्याच्या पेटीत ३७.५ मिळायला हवं. पंखा नसता तर अंड्याच्या माथ्याशी एक अंश जास्त धरला असता.

पंचवटी_टेरेस

मध्येच विचारतो, दुकानातली पांढरी अंडी ठेवली तर चालतील का? मुलीला पिल्लं कशी निघतात ते दाखवायचंय.

हॅचरीतला_जुना

नाही दादा. त्या कोंबड्या कोंबड्याशिवाय पाळतात, अंडी फळलेली नसतात. कोंबडा असलेल्या घरून आणा, सात दिवसांच्या आतली, न धुतलेली, फ्रीजमध्ये न ठेवलेली. अंडं धुतलं की वरचं नैसर्गिक आवरण जातं आणि छिद्रांतून जंतू आत शिरतात.

मखमलाबादची_माई

काका, काल दुपारी फोडली. सासूबाई शेजारी बसल्या म्हणून जमलं.

दिवस मी बरोबर मोजले होते, रविवारी ठेवलेली अंडी रविवारी फुटायला हवी होती. १५ पैकी ११ मध्ये पिल्लू पूर्ण होतं, पिसं, नखं, चोचीवरचा तो पांढरा टोकदार दाणासुद्धा. आणि अकराही पिल्लांच्या पोटापाशी बलक तसाच बाहेर, सुपारीएवढा. तीन त्याआधीच थांबली होती. एक टोच पडलेलं, ते तुम्ही म्हणालात तसंच, साल आवळलेली. त्या रात्री मी झाकण किमान दहा वेळा उघडलं. टॉर्च मारून बघत होते.

मग बाटलीचा प्रयोग केला. पडद्यावर ३७.६ आणि तापाच्या थर्मामीटरवर ३६.४. पुन्हा केला, पुन्हा तेवढंच. थर्मोस्टॅटची वायर बल्बच्या अगदी शेजारी लोंबत होती, तिला तिथली ऊब लागायची आणि बल्ब लवकर बंद व्हायचा. अंडी खाली गारठ्यात. त्याच आठवड्यात शेजारच्या द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवत होते, इतकी थंडी होती, आणि मी पेटी फरशीवर ठेवलेली. बागेची काळजी दिसत होती, अंड्यांची कशी सुचली नाही!

३० पैकी ९ जगली ती याही परिस्थितीत जगली. त्यातली सात आज दाणे टिपताहेत.

पेठची_आजीबाई_कडून (नातू लिहितोय)

आजी म्हणते, खुडूक कोंबडी मिळाली तर पेटी कशाला? डालग्यात वाळलं गवत अंथरायचं, खाली थोडी चुलीची राख, म्हणजे उवा होत नाहीत. गावरान कोंबडीखाली १० ते १२ अंडी, जास्त नाही, नाहीतर कडेची गार पडतात. दिवसातून एकदा ती उठेल, खाईल, शिटेल, परत बसेल, तिला अडवायचं नाही. पेटीतली पिल्लंसुद्धा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रात्री अंधारात तिच्या पंखाखाली सोडली की बहुतेक वेळा ती आपली मानते. दिवसा सोडली तर टोचते.

हॅचरीतला_जुना

आजींना नमस्कार सांगा. कोंबडीइतकी चांगली पेटी अजून कोणी बनवलेली नाही, ती रात्रभर अंडी कडेची मधे आणि मधली कडेला करत असते.

माई, आता पुढची खेप १२ अंड्यांचीच ठेवा. पेटी पडवीतून उचलून मधल्या खोलीत, लाकडी पाटावर, बाहेरच्या भिंतीपासून लांब. वायरचं टोक अंड्यांच्या उंचीवर, बल्बपासून दूर बांधा आणि बाटलीतल्या पाण्यावरून आकडा बसवून घ्या, पडद्यावर काहीही दिसो. अंडी ठेवण्याआधी पेटी एक दिवस-रात्र रिकामी चालवा.

ओलावा पहिले १८ दिवस ५० टक्क्यांच्या आसपास, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. ओलावा पाण्याच्या खोलीने वाढत नाही, पाण्याचा जितका पृष्ठभाग उघडा तितका वाढतो. म्हणून वाटीऐवजी पसरट ताटली. ओलाव्याचं मीटर घेतलं तर तेही तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते फक्त ओलसर करा, मीटरसोबत हवाबंद पिशवीत आठेक तास ठेवा, ७५ दाखवायला हवं. मीटर नसेल तर वजन करा. १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्क्यांनी उतरायला हवं, आणि जाड बाजूची हवेची पोकळी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यापर्यंत यायला हवी. पेन्सिलने तिची कड आखत जा, मग अंदाज चुकत नाही.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद. खाली खडबडीत गोणपाट अंथरा, पेपरवर पाय घसरून पिल्लं फेंगडी होतात. हवेची भोकं बुजवू नका, शेवटी पिल्लांना हवा जास्त लागते. मग झाकणाला हात लावायचा नाही. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस बिनदाण्यापाण्याचं राहू शकतं, त्यामुळे पहिलं आलं म्हणून उघडायची घाई नको. वीज गेली तर घाबरू नका, गोधडी टाका, गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवा. एखाद-दोन तासांचा गारवा अंडी सोसतात, जास्त उष्णता सोसत नाहीत.

जी सात आहेत त्यांना पहिला आठवडा ३५ अंश ऊब द्या, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवसात, डोळ्यात एक थेंब. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. इतकं करून पिल्लं मानमोडीने गेली तर फार जिवाला लागतं.

मखमलाबादची_माई

सगळ्यांना कळवते. लस दिली. १२ अंडी ठेवली, प्रत्येकावर पेन्सिलने वजन लिहिलं. सातव्या दिवशी एक कोरं निघालं. अठराव्या दिवशी सर्वांत मोठं अंडं ५० ग्रॅमचं ४४ भरलं. दोनदा वीज गेली, एकदा रात्री तीन तास, गोधडी आणि बाटल्यांवर निभावलं. बाटलीतल्या पाण्याचा आकडा रोज सकाळी लिहीत गेले, ३७.४ ते ३७.६.

मुलाने झाकणाला काचेचा तुकडा बसवून दिलाय, म्हणजे न उघडता दिसतं. आज एकविसावा दिवस. संध्याकाळपासून तीन अंड्यांना टोच पडली आहे, एकातून बारीक चिवचिव येते. सासूबाई खुर्ची घेऊन पेटीपाशी बसल्यात आणि कोणाला झाकणाजवळ येऊ देत नाहीत.