कपाशीसाठी सापळे वाटले, पण लोक लावतच नाहीत. गावाला कसं वळवायचं?

वावर_वर्धा
नमस्कार मंडळी. मी आमच्या गावातल्या शेतकरी गटाचं काम बघतो, ३८ जण आहेत, सगळ्यांची कपाशी आणि मधात तूर. मागच्या हंगामात गुलाबी बोंडअळीसाठी गटाच्या पैशातून एकरी दोन या हिशोबानं कामगंध सापळे (वासानं पतंग ओढून पकडणारे) वाटले, सभा घेतली, एकात्मिक कीड व्यवस्थापन, म्हणजे नुसत्या औषधावर न राहता सगळे उपाय मिळून कीड आवरणं, काय असतं ते फोटो दाखवून सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. ऑगस्टात फिरून पाहिलं तर अकरा जणांच्याच वावरात सापळे, बाकीच्यांचे गोठ्यात खुंटीला टांगलेले. दोघांनी तर लावलेले काढले, म्हणे सापळ्यामुळं धुऱ्यापलीकडचे पतंग आमच्या वावरात येऊन रायले. फवारणी मात्र जशीच्या तशी, कृषी केंद्रवाला जी तीन-चार औषधं एकत्र देईल ती पंपात.

मला लोकांचा राग नाही, भीती वाटते. २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्याच वर्षी आमच्या नात्यातला एक पोरगा आठ दिवस दवाखान्यात होता. तर ज्यांनी गावात खरंच करून दाखवलं त्यांनी सांगा, लोकांना कसं वळवलं?

निवृत्त_कृषीसहायक
भाऊ, मी नोकरीत पहिली पाच-सहा वर्षं हेच केलं, वाटप आणि सभा, आणि हेच झालं. एकरी दोन सापळ्यांनी अळी कमी होत नसते, ते मोजायला असतात आणि हे लोकांना कोणी सांगतच नाही. लोक समजतात सापळा लावला म्हणजे काम झालं, मग बोंडात अळी निघाली की सापळा खोटा ठरतो.

तुम्ही सभा वावरात घ्या. एका एकरातून वेगवेगळ्या ठिकाणची मध्यम आकाराची वीस हिरवी बोंडं तोडा आणि ज्याचं वावर आहे त्यालाच फोडायला लावा. अळी बारीक असतानाच आत शिरते आणि ते भोक बुजून जातं, त्यामुळं वरून बोंड चांगलंच दिसतं. वीसातल्या दोन बोंडांत अळी निघाली म्हणजे दहा टक्के, तिथं फवारणीचा निर्णय घ्यायचा. सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठच्या वर पतंग पडायला लागले तरी तेच. त्याच्या खाली असेल तर पंप घरी. मी एकदा एका म्हाताऱ्या बाबांच्या वावरात वीसच्या वीस बोंडं फोडली, एकही अळी नाही, आणि त्यांनी दुसऱ्या दिवसासाठी औषध आणून ठेवलेलं होतं. ते औषध त्यांनी परत केलं. त्या दिवशी दहा-बारा लोक बघत होते, त्यानंतर मला त्या गावात सभेसाठी दवंडी द्यावी लागली नाही.

आणि पतंग ओढून आणण्याचं म्हणाल तर ल्यूरला, म्हणजे सापळ्यात बसवतात त्या गोळीला, मादीचा वास असतो, त्यात नरच येतात, अंडी घालणारी मादी त्यात येत नाही. पण हे तोंडानं सांगून पटत नाही. सापळावाल्याच्या आणि बिनसापळ्याच्या शेजाऱ्याच्या, दोघांच्याही वावरातली बोंडं एकाच दिवशी फोडा.

शिवार_ताई
काकांचं बरोबर आहे, माझं त्यात एक भर घालणं आहे. तुमच्या ३८ मध्ये बाया किती? आमच्याकडं परभणी साईडला शेतीशाळा झाली तेव्हा खुर्चीवर सगळे पुरुष, आणि निंदायला, वेचायला आम्ही. डोमकळी कोणाला आधी दिसते? निंदणाऱ्या बाईला दिसते, ते फूल गुलाबासारखं मिटलेलं राहतं, पाकळ्या उघडतच नाहीत, आत अळी असते. आम्ही बचत गटात ठरवलं की दिसली डोमकळी की तोडायची, पिशवीत घालायची आणि संध्याकाळी नष्ट करायची. त्याला ना पैसा लागतो ना उधारी.

निंबोळीचं पण तसंच. पावसाळ्याच्या तोंडाशी झाडाखाली निंबोळ्या पडतात तेव्हा गोळा करून सावलीत वाळवून ठेवल्या तर हंगामात कामाला येतात. पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, शंभर लिटर करायचा आणि त्यात थोडा साबणाचा चुरा, झाला पाच टक्के अर्क. आमच्या गटानं जास्तीच्या वाळवलेल्या निंबोळ्या गावातच विकल्या, दोन पैसे सुटले, म्हणून पुढच्या वर्षी आणखी बाया आल्या.

कोरडवाहू_६५
सगळं खरं आहे पण कोणी उधारीबद्दल बोलत नाही म्हणून लिहितो. माझ्याकडं जूनमध्ये रोख नसतो, बी-खत-औषध सगळं एकाच दुकानातून कापूस विकेपर्यंत उधार. तो जे देतो त्याला मी नाही कसं म्हणू, पुढच्या वर्षी त्यानं दिलं नाही तर? सापळा, ट्रायकोकार्ड (किडीची अंडी मारणाऱ्या मित्रकिडीचं कार्ड) त्याच्याकडं नसतातच.

दुसरं फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही पऱ्हाटी तशीच ठेवून आणखी कापूस घेणं. डिसेंबरात पऱ्हाटी उपटा म्हणतात, उपटतो, पण विहिरीवाला शेजारी मार्चपर्यंत ठेवतो आणि त्याच्या वावरातली अळी पुढच्या साली माझ्याकडं. एकट्यानं करून काय होते? हे शिवारभर झालं तरच होईल. आणि पऱ्हाटी काढली तर त्या ओलीत हरभरा तरी पेरता आला पाहिजे, नाहीतर माणूस दोन क्विंटल कापसाचा मोह सोडणार नाही, मीही सोडला नव्हता.

कृषीकेंद्र_मारेगाव
दुकानदार आहे म्हणून बोलतो. आम्हाला पण सगळं कळत नव्हतं. देसी डिप्लोमा केला, म्हणजे कृषी दुकानदारांसाठीचा अभ्यासक्रम, वर्षभर आठवड्याला वर्ग, तिथं पहिल्यांदा समजलं की सुरुवातीलाच मोनोक्रोटोफॉस नाहीतर पायरेथ्रॉइड गटातलं औषध मारलं की ढालकिडे आणि क्रायसोपा हे किडी खाणारे मित्रकीटक मरतात आणि मग पांढरी माशी उसळते. आता मी सापळे, ल्यूर, चिकट सापळे ठेवतो आणि औषधासारखेच उधारीवर देतो. गटानं दुकानदाराला मे महिन्यातच एकगठ्ठा मागणी दिली तर तो नक्की आणेल, सुटा माल पडून राहतो म्हणून कोणी घेत नाही. चार औषधांचं मिश्रण मागायला मात्र गिऱ्हाईकच येतं हो, नाही म्हटलं तर शेजारच्या दुकानात जातं, तिथं तुमच्या गटाची गरज आहे.

वावर_वर्धा
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, बाया फक्त चार आहेत गटात, ही माझीच चूक, मी पुरुषांच्याच नावावर सदस्यत्व घेतलं कारण सातबारा त्यांच्या नावावर. येत्या पंचमीनंतर पहिली बोंडं फोडायची ठरवतो, त्या दोघा सापळे काढणाऱ्यांच्याच वावरात, बायांना घेऊन. कोरडवाहू भाऊ, फरदडीचं मी ग्रामसभेत काढतो, विहिरीवाले सात जण आहेत, त्यांच्याशी आधी घरी जाऊन बोलतो.

एक विचारायचं राहिलं, मागचे सापळे गोठ्यात आहेत, ल्यूर पण पडून आहेत, ते चालतील का?

निवृत्त_कृषीसहायक
सापळे धुऊन वापरा, प्लास्टिक आहे. ल्यूर नाही चालणार, उन्हात-गोठ्यात वास उडून जातो. नवीन घ्या आणि पाकीट न फोडता फ्रीजमध्ये ठेवा, लावल्यावर तीन-चार आठवड्यांनी बदला. आणि लावताना तंबाखू-कांद्याचे हात नकोत. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर असू द्या, पऱ्हाटी वाढली की काठीवर सरकवत जा, बरेच जण हेच विसरतात आणि सप्टेंबरात सापळा पानात बुडालेला असतो.