मदत हवी आहे: स्वतःचंच वर्णन करणारी क्रमिका मराठीत करायची, तर अक्षरं मोजायची कशी?

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात आठवी-नववीला गणित शिकवते. 22 डिसेंबरच्या गणित दिनाला मुलांसमोर अ‍ॅरॉन्सनची क्रमिका मांडायची आहे. म्हणजे एक वाक्य स्वतःतलंच एखादं अक्षर कितव्या कितव्या जागी येतं ते सांगतं, आणि त्या जागांचे आकडे म्हणजे ही क्रमिका. इंग्रजीत ते वाक्य ‘टी’ या अक्षराबद्दल आहे: टी या वाक्यात पहिला, चौथा, अकरावा, सोळावा... सांगता सांगता नवे टी तयार होतात, म्हणून वाक्य संपत नाही. फ्रेंचमध्ये हेच ‘ई’वर चालतं. तिथे क्रमवाचक शब्दांना ‘इएम’ लागतो, त्याच्या स्पेलिंगमध्ये दोन ई. त्यामुळे 1, 2, 9, 12, 14, 16, 20, 22, 24, 28, 30 अशी दाटी होते. शिवाय फ्रान्समध्ये 70 म्हणजे ‘साठ-दहा’, बेल्जियममध्ये ‘सेप्तांत’. म्हणजे सत्तरीत एकाच भाषेच्या दोन क्रमिका!

मराठीत आपल्याकडे ‘वे’ आहेच. मी असं वाक्य जुळवलंय:

व हे अक्षर या वाक्यात पहिले, सातवे, पंधरावे, एकोणिसावे, चोविसावे, सव्विसावे, अठ्ठाविसावे, तिसावे...

कोणतीही मात्रा असली तरी व मोजायचा, स्वल्पविराम सोडायचे. ‘वाक्यात’मधला वा सातवा, ‘सातवे’मधला वे पंधरावा. ‘चोविसावे’त तर दोन व सापडतात, 26 आणि 28. इथवर फार सुंदर जमतं.

अडचण ‘सव्विसावे’पाशी येते. व्वि हे एक अक्षर धरलं तर व तिसाव्या जागी एकदाच येतो. फोडलं तर दोन व, पण मग क्ष आणि क्या हेही फोडावे लागतील आणि ‘सातवे’चं ‘आठवे’ होईल. माझा कल जोडाक्षर एकच धरण्याकडे आहे, कारण वृत्तात आपण तसंच मोजतो. भुजंगप्रयाताच्या ओळीतली 12 अक्षरं अशीच भरतात. कुणाला हे पटत नसेल तर कारण नक्की सांगा.

दुसरं, वर्गातली बरीच मुलं ‘एकोणवीस’ म्हणतात. ‘एकोणविसावे’ लिहिलं की आणखी एक व येतो आणि पुढचं सगळं बदलतं. फ्रेंचसारख्या दोन्ही क्रमिका शेजारी शेजारी लावाव्यात का?

आणि मुख्य मदत: शंभर पदं तरी हवीत, हातानं चुका होतील. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतली लांबी मोजणारी सोय ‘सव्विसावे’ला 9 सांगते, कारण मात्रा आणि हलन्त ती वेगळे धरते. मला 4 हवेत. जोडाक्षरासकट अक्षरं तोडणारा सोपा कोड कुणाकडे असेल तर कृपया इथे टाका.