मदत हवी आहे : गोव्याच्या जनमत चाचण्यांतील जागांचा अंदाज कसा तपासावा?

नमस्कार मंडळी,

मी डिचोली तालुक्यातील एका गावच्या वाचनालयाचे काम पाहतो. विधानसभेची निवडणूक 2027 च्या सुरुवातीला अपेक्षित असल्याने वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती रोज जनमत चाचण्यांची चर्चा होते आणि त्यांतले आकडे कितपत खरे, हे वाचक मला विचारतात.

माझी अडचण मतांच्या टक्केवारीपेक्षा जागांच्या आकड्याविषयी आहे. 2022 मध्ये बहुतेक एक्झिट पोलनी भाजप आणि काँग्रेस यांच्यात अटीतटी दाखवली होती; प्रत्यक्षात भाजपला एक तृतीयांश मतांवर 40 पैकी 20 जागा मिळाल्या आणि काँग्रेस 11 वर थांबली. मगोपने (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) साधारण साडेसात टक्के मतांत 2 जागा जिंकल्या, तर रिव्होल्युशनरी गोवन्स या पक्षाला त्याहून अधिक मते मिळूनही सांत आंद्रे मतदारसंघाची एकच जागा आली, तीही 76 मतांनी. आमच्या साखळी मतदारसंघात मुख्यमंत्री प्रमोद सावंत 666 मतांनी निवडून आले. राज्यभर 2,000 जणांना विचारले, तरी एका मतदारसंघाच्या वाट्याला सरासरी 50 जणच येतात. तेवढ्यांच्या उत्तरांवरून 666 मतांचा फरक कळणे मला अशक्य वाटते. मग जागा काढतात तरी कशा?

मागच्या महिन्यात टॅब घेऊन एक मुलगी आमच्या घरी आली होती. कोणत्या पक्षाला मत देणार, असे तिने आईला विचारले. आईने उलट विचारले, "उमेदवार कोण ते सांग आधी." उमेदवार ठरलेले नाहीत म्हटल्यावर मुलीने ‘ठरवलेले नाही’ या पर्यायावर बोट ठेवले आणि ती शेजारच्या दारी गेली. आईचे मत माणूस पाहून ठरते आणि गावात असे मतदार पुष्कळ आहेत. अंतिम टक्केवारी काढताना अशी उत्तरे वगळतात, की इतर पक्षांत वाटून टाकतात? शिवाय सप्टेंबर 2022 मध्ये काँग्रेसच्या 11 पैकी 8 आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. त्या मतदारसंघांत मागच्या निकालाची टक्केवारी आधार म्हणून घेतली, तर ती आमदाराच्या खाती मांडायची की पक्षाच्या?

सर्वेक्षणाचे काम केलेल्या किंवा संख्याशास्त्र शिकवणाऱ्या कुणी एखाद्या मतदारसंघाचे उदाहरण घेऊन हे समजावून दिले, तर फार उपकार होतील. ते मी वाचनालयाच्या फलकावर लावणार आहे.