प्रतिसाद: लग्नाआधी लेझर करू का?
ताई, तुम्ही विचारलं का पिंपल्सच्या खड्ड्यांसाठी मे मधल्या लग्नाआधी लेझर करू का, तर माह्या मते आता नकोच. खड्ड्यांसाठी वापरतात तो फ्रॅक्शनल सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचा) लेझर 10,600 नॅनोमीटर तरंगलांबीचा असते, कातडीतलं पाणी त्याले शोषून तापते न बारीक बारीक छिद्रं पडतात, मंग आतून नवीन कोलाजन (कातडी भरीव ठेवणारं प्रोटीन) बनते, पण त्याले महिने लागतात. अन् आपल्या सावळ्या कातडीवर नंतर काळे डाग पडाचा धोका जास्त, त्यात आपल्याकडचं 45 डिग्रीचं ऊन! मी तर दिवाळीनंतर केलं होतं, तरी कापूस वेचाले वावरात गेली न गालावर डाग उमटले, चार महिने सनस्क्रीन थापलं तवा फिके झाले (सासू म्हणे हळद लाव). ओठावर तापाचे फोड (हर्पीस, ज्याले आपण 'जर' म्हणतो) येत असन तर डॉक्टरले आधीच सांगजा.