नाव सांगूनही विंडोज मला ‘पाहुणा’च का समजतंय?

जुनाटडबा :
मंडळी, चार संध्याकाळी यात गेल्या, आता तुम्हीच वाचवा. टेबलावरचा जुना कॉम्प्युटर विंडोज 11 ला चालत नाही (त्याला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप नाही) आणि विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला, म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. मिंटबद्दल तक्रार नाही, झकास चाललंय. त्यात 2 टीबीची डिस्क आहे, घरातले सगळे फोटो आणि बाबांच्या आवाजातल्या गोष्टींची रेकॉर्डिंग तिच्यावर. बायकोच्या लॅपटॉपवर विंडोज 11 प्रो. तिला तो फोल्डर तिच्या जागेवरून उघडता यावा, एवढंच मागणं. पेनड्राइव्ह घेऊन या खोलीतून त्या खोलीत किती येरझाऱ्या घालायच्या?

सांबा (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला उघडून देणारा प्रोग्राम) टाकलं, त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये शेअर लिहिला. लॅपटॉपवरून पिंग जातो, म्हणजे जोडणी आहे. पण दोन उलट्या तिरक्या रेघा, 192.168.1.20 (मिंटचा नेटवर्कवरचा पत्ता) आणि फोल्डरचं नाव लिहिलं की विंडोज म्हणतं, तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार पाहुण्यांना प्रवेश बंद आहे. संस्था! आम्ही दोघं आणि एक राउटर.

बरं, पाहुणा तरी कोण? ड्राइव्ह मॅप करताना माझं मिंटचं युजरनेम आणि पासवर्ड दिला. रोज सकाळी त्यानेच लॉगिन करतो. तरी तेच वाक्य. एका जुन्या लेखात ‘एसएमबी 1 (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा’ असं लिहिलंय. करू का?

तारजोड :
अजिबात नको. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने धुमाकूळ घातला तो त्यातल्याच भोकातून. तो लेख त्याआधीचा असणार. सांबानेही 4.11 पासून एसएमबी 1 मुळातच बंद ठेवलंय. तुमचं दुखणं दुसरं आहे, पण नेमकं कुठलं ते मला कळेना.

रात्रपाळी :
मला कळलं, कारण मीही यात एक अख्खा रविवार घालवलाय.

सांबाला तुमचा मिंटचा पासवर्ड माहीतच नाही. त्याची स्वतःची वेगळी वही असते. तीत तुमचं नाव नसेल तर तुम्ही त्याला अनोळखी. आता गंमत बघा. मिंटबरोबर येणाऱ्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘मॅप टू गेस्ट’ अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे ‘बॅड युजर’ लिहिलेलं असतं. म्हणजे अनोळखी नाव आलं की हाकलू नको, पाहुणा म्हणून आत घे. सांबा आपलं भलेपणाने तुम्हाला पाहुणा करतं आणि विंडोज पाहुण्याच्या नावावर आत जायला नकार देतं. दार सांबाने उघडंच ठेवलंय, अडवतोय तुमचा स्वतःचा लॅपटॉप. म्हणून ‘पासवर्ड चुकला’ असा सरळ निरोपही मिळत नाही.

टर्मिनलमध्ये सुडो (आज्ञा प्रशासक म्हणून चालवायला), मग एसएमबीपासडब्ल्यूडी, मग वजा ए, मग तुमचं मिंटचं युजरनेम. (टाइप करताना अर्थातच रोमन.) पासवर्ड दोनदा विचारेल, तोच ठेवलात तरी चालेल. मग त्या ‘मॅप टू गेस्ट’पुढे ‘नेव्हर’ लिहा, टेस्टपार्म चालवून फाइल तपासा आणि सांबा रीस्टार्ट करा. ‘नेव्हर’ टाळू नका. विंडोज आधी न विचारताच बायकोचं विंडोजचं नाव पुढे करून बघतं, ते पुन्हा अनोळखी, पुन्हा पाहुणा.

जुनाटडबा :
उघडलं!! पासवर्डची चौकट दिसल्यावर एवढा आनंद आयुष्यात पहिल्यांदाच झाला. फोटो दिसतात. पण तिने एक फाइल टाकायला घेतली तर परवानगी नाही म्हणतंय. शेअरमध्ये ‘रीड ओन्ली’ला ‘नो’ लिहिलंय, दोनदा बघितलं.

तारजोड :
आता माझी पाळी. तो फोल्डर तुम्ही सुडो लावून बनवला होतात ना? मग त्याचा मालक रूट, म्हणजे यंत्राचा प्रशासक, तुम्ही नाही. सांबाने हो म्हटलं तरी खालच्या फाइल सिस्टिमचीही संमती लागते, दोन्हीकडून होकार आला तरच लिहिता येतं. सीएचओडब्ल्यूएन ही आज्ञा वापरून फोल्डर स्वतःच्या नावावर करा. लेखांमध्ये परवानगी 777 (सगळ्यांना सगळी मुभा) करायला सांगतात, ते मात्र करू नका.

आणि राउटरमध्ये मिंटचा पत्ता राखून ठेवा. नाहीतर एक दिवस 20 चा 23 होईल आणि बायको म्हणेल, परत बिघडलं.

पेनड्राइव्हवाली :
मला उलटं हवं होतं, मिंटवरून विंडोजचा फोल्डर. तिथे मी लॅपटॉपचा पिन टाकत बसले होते. पिन फक्त त्या यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्डच लागतो. शिवाय वायफाय ‘पब्लिक’वर होतं, ते ‘प्रायव्हेट’ केल्यावर शेअरिंग सुरू झालं. मिंट विंडोजच्या ‘नेटवर्क’मध्ये आपोआप दिसायला हवं असेल तर मिंटवर डब्ल्यूएसडीडी टाका. मी नाही टाकलं, शॉर्टकट पुरतो.

जुनाटडबा :
मालक बदलला, फाइल गेली. पत्ताही राखून ठेवला. तिच्या टेबलापाशी केबल नेली तर कॉपी सेकंदाला 11 एमबीच्या वर जाईना. दोन्हीकडे गिगाबिट (1000 मेगाबिट) असून 100 वर अडकलंय हे लगेच लक्षात आलं. केबल उजेडात धरली तर एका टोकाच्या जॅकमध्ये आठपैकी एक तार पुढपर्यंत पोचलेलीच नव्हती. दुसरी केबल लावली, आता 105-110.

एकच राहिलं. बाबांच्या रेकॉर्डिंगची नावं मी वेळेसकट ठेवली होती, 10:45 वगैरे. लिनक्सला त्या विसर्गासारख्या दोन टिंबांचं काही वाटत नाही, विंडोजला ती नावात चालत नाहीत. त्यामुळे तिच्या लॅपटॉपवर बाबांच्या प्रत्येक गोष्टीचं नाव म्हणजे अगम्य अक्षरं आणि मधे एक नागमोडी रेघ. ऐकू येतात, पण कुठली कोणती ते कळत नाही.

रात्रपाळी :
मिंटवर सगळ्या निवडून एफ 2 दाबा, एकगठ्ठा नावं बदलायची खिडकी उघडेल. दोन टिंबांच्या जागी टिंब टाका.

जुनाटडबा :
बघितलं, होतंय. पण ती म्हणते नुसती वेळ कशाला, एकेक ऐकून गोष्टीचंच नाव देऊ. सतरा झाल्या आहेत.