कॉफी प्यायल्यावर लगेच गाडी काढू नका

लांबच्या प्रवासात गाडी चालवताना झोप येऊ नये म्हणून काच खाली, गाणी मोठ्याने आणि कॉफीवर कॉफी, की सलग दहा तास सहज निघतात, असं काही जण सांगतात, ते मला अर्धंच पटतं. वाऱ्याने आणि गाण्यांनी थोडा वेळ तरतरी येते, झोप काही जात नाही. कॉफीचा उपयोग होतो, पण ती अंगात भिनायला साधारण अर्धा तास लागतो. म्हणून कॉफी प्यायची आणि तिथेच सीट मागे टाकून 15-20 मिनिटं डोळे मिटायचे. उठेपर्यंत ती चढलेली असते. गजर मात्र लावाच, जास्त झोपलं की डोकं जड होतं.

चार सेकंदांची डुलकी म्हणजे ताशी 100 च्या वेगात जवळजवळ 110 मीटर! शेजारी बसणाऱ्याने वेगाच्या काट्यावर नजर ठेवावी. रस्ता मोकळा असूनही वेग उगाच 90 वरून 75, परत 90 असा हलायला लागला आणि उत्तरं नुसत्या 'हं'वर आली, की चालक 'मी ठीक आहे' म्हणाला तरी (म्हणतोच) गाडी बाजूला घ्यायला लावायची. युरोपीय संघात मालट्रकवाल्यांना साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती कायद्यानेच सक्तीची आहे, आणि ते तर रोजचे सरावलेले.